आपल्या हातातला रोध
(प्रस्तावना)

विजेविषयी आमच्या भागात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आज व्होल्टेज नाय हा.’ पंप पाणी उचलत नाही, ट्यूब लुकलुकते, मिक्सर घरघरतो, फ्रिज सुरू होता होता बसतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. ते बऱ्याचदा खरंही असतं, पण अर्धंच. खांबावर असलेलं व्होल्टेज विहिरीवर पोचत नाही, तेव्हा ते मधल्या वाटेत कुठेतरी खर्ची पडलेलं असतं. कुठे पडलं हे सांगणारा हिशेब दोनशे वर्षांपूर्वीच मांडून झाला आहे : व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध. शाळेत आपण सगळ्यांनीच तो केला. तीन अक्षरांचा त्रिकोण काढला, हवं ते अक्षर बोटाने झाकलं, दोन मार्क मिळवले आणि परीक्षा संपताच विसरून गेलो.

हे पुस्तक त्या विसरलेल्या गुणाकाराचं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : कागदावर या तिन्ही राशी समान हक्काच्या दिसतात, घरात आणि बागेत तशा नसतात. व्होल्टेज वीज कंपनी पुरवते. करंट कुणी पुरवत नाही. तो बाकीच्या दोघांच्या हिशेबातून ठरतो. रोध मात्र बराचसा आपल्या हातात असतो. वायर किती जाड घ्यायची, ती किती लांब ओढायची, जोड पिळून टेप गुंडाळायचा की नीट क्रिंप करायचा, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं की नाही, भिजल्या हाताने बटण दाबायचं की आधी हात पुसायचा, हे सगळे रोधाचे निर्णय आहेत आणि ते आपण रोज घेत असतो. तक्रार मात्र कायम व्होल्टेजची करतो.

एक उदाहरण आकडे घालून पाहू. घराच्या मीटरपासून विहीर दोनशे मीटर खाली, बागेत आहे. दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, चालताना साधारण १० अँपिअर घेणारी. दुकानातून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. करंट जातो तसा परतही येतो, त्यामुळे लांबी दोनशे नव्हे, चारशे मीटर धरायची. रोध झाला जवळजवळ ३ ओहम. १० अँपिअरला ३० व्होल्ट वायरीतच गेले. मीटरवर २३० असताना विहिरीवर २०० उरले. शिवाय करंटाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३०० वॉट, वायर तापवण्यात जातात. रोज तीन तास पंप चालवला तर दिवसाला जवळपास एक युनिट नुसतं वायर कोमट ठेवायला लागलं, आणि ही वायर मीटरच्या अलीकडची नसून पलीकडची असल्यामुळे त्याचं बिल आपणच भरलं.

खरी गंमत मोटर सुरू होतानाची. त्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढू पाहते. ३ ओहमच्या वाटेत तेवढ्या करंटाची घट इतकी मोठी असते, की मोटरीच्या वाट्याला दीडशेच्या आसपास व्होल्ट येतात. इंडक्शन मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो निम्म्याहूनही खाली येतो. मोटर गुणगुणते, फिरत नाही, तापते, आणि वायंडिंग जळतं. वायंडर सांगतो, व्होल्टेज कमी होतं. त्याचं चूक नाही. पण तिथे ६ चौरस मिलिमीटरची वायर असती तर रोध सव्वा ओहमच्या आसपास आला असता, चालू पंपाची घट ३० वरून १२ व्होल्टवर आली असती आणि मोटर उचलली असती. व्होल्टेज वाढवणं घरमालकाच्या हातात नव्हतं. रोध कमी करणं होतं.

आता या विषयाचा एकूण पसारा पाहू. कारण तीन अक्षरांचं हे सूत्र अगदी साध्या दिसणाऱ्या वाटेने आलेलं नाही.

जॉर्ज सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन इथे एका कुलूपकाराच्या घरी जन्मला आणि कलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होता. व्होल्टाने १८०० साली सतत वीज देणारी पहिली बॅटरी जगापुढे ठेवली होती. तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची वळते, हे अर्स्टेडने १८२० साली दाखवलं होतं. तरीही तारेची लांबी आणि करंट यांचं नेमकं नातं हाती येत नव्हतं. अडचण बॅटरीची होती. करंट घेतला की ती ढेपाळायची, आणि सूचीचं वळणं तारेमुळे कमी झालं की बॅटरीमुळे, हे कळायला मार्ग नव्हता. ओहमने पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून बॅटरी बाजूला ठेवली आणि सीबेकचा ताजा शोध वापरला : तांबं आणि बिस्मथ यांचे जोड, एक उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, दुसरा बर्फात. दोन्ही टोकांच्या तापमानातला फरक कायम, त्यामुळे मिळणारा विजेचा दाबही कायम. मग त्याने निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडल्या आणि सूची किती वळते ते मोजलं. आधी दाब स्थिर करायचा, मग रोध बदलायचा आणि करंट काय म्हणतो ते बघायचं : नियमाइतकीच ही पद्धतही महत्त्वाची आहे, आणि या पुस्तकाने ती जागोजागी उचलली आहे.

ओहमचं पुस्तक १८२७ साली निघालं. मायदेशात त्याचं स्वागत थंडच झालं आणि त्याने कलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे त्याच्या कामाची किंमत सर्वत्र पटली. म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोनच वर्षं आधी. गंमत अशी, की ओहमच्याही बरंच आधी हेन्री कॅव्हेंडिशने स्वतःच्याच अंगाला बसणारे झटके एकमेकांशी ताडून या नात्याच्या जवळ मजल मारली होती. त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने ती टिपणं १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर ओहमचं नाव नियमाला चिकटून बसलं होतं.

पुढच्या पिढ्यांनी या एका नात्यावर वेगवेगळ्या दिशांनी काम केलं. पहिली दिशा हिशेबाची. जूलने १८४० च्या सुमारास तारेतली उष्णता करंटाच्या वर्गाने वाढते हे मोजून दाखवलं. विजेचं सगळं अर्थशास्त्र या वर्गात दडलं आहे. किरखॉफने विद्यार्थी असतानाच, १८४५ मध्ये, फांद्या फुटलेल्या मंडलासाठी दोन नियम दिले : जोडाशी येणारा आणि जाणारा करंट सारखा, आणि पूर्ण फेरी मारली की व्होल्टेजची बेरीज शून्य. प्रत्यावर्ती विजेत, म्हणजे एसीमध्ये, रोधाबरोबर कॉइल आणि कंडेन्सर यांचाही अडसर जमेला धरावा लागतो. हेविसाइड आणि स्टाइनमेट्झ यांनी ओहमचा नियम या नव्या विजेसाठी रुंद केला. वीज अभियंते आजही याच वाटेने चालतात.

दुसरी दिशा मोजमापाची. समुद्राखालून तारयंत्राच्या केबल टाकल्या जाऊ लागल्या तेव्हा बिघाड हजार मैलांवर कुठे आहे हे किनाऱ्यावर बसून शोधायचं असे, आणि त्यासाठी रोध अचूक मोजता येणं भाग होतं. रोध मोजणारा व्हीटस्टनचा पूल त्या काळात घराघरांत नाही तरी तारऑफिसांत पोचला. पॅरिसच्या १८८१ च्या परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही एककं जगाने मान्य केली. त्यानंतर शंभर वर्षांनी क्लाउस फॉन क्लिट्झिंगने १९८० मध्ये दाखवलं, की अतिथंड आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या पातळ थरात रोध निसर्गाच्याच ठरावीक पायऱ्यांनी बदलतो. आज ओहमचं प्रमाण त्या पायऱ्यांवरून घेतात.

तिसरी दिशा पदार्थाच्या पोटात शिरणारी. रोध मुळात येतो कुठून? ड्रूडने १९०० साली धातूतले इलेक्ट्रॉन धडपडत, आपटत पुढे सरकतात असं चित्र मांडलं. पुढे क्वांटम सिद्धांताने ते बरंच बदललं. तापमान वाढलं की तांब्याचा रोध वाढतो आणि सिलिकॉनचा कमी होतो, याचा उलगडा इथे होतो. कामरलिंघ ओनेसने १९११ मध्ये पारा थंड करत नेला आणि ४.२ केल्विनच्या आसपास त्याचा रोध चक्क नाहीसा झाला. या दिशेतलं एक काम आपल्या मुंबईतलं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शुद्ध बिस्मथचा स्फटिक केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली, ०.०००५३ केल्विनपर्यंत, नेला तेव्हा त्याचा अतिवाहक होण्याचा पुरावा मिळाला. हा निबंध ‘सायन्स’मध्ये २०१७ साली आला. ओहमने आपला नियम शोधताना दाबाचा स्थिर झरा म्हणून ज्या धातूचा आधार घेतला, तोच हा बिस्मथ.

चौथी दिशा क्षेत्राची, मॅक्सवेल आणि पॉइंटिंग यांची. तिच्या मते ऊर्जा तारेच्या आतून वाहत येत नाही, तारेभोवतीच्या क्षेत्रातून येते; तार तिला दिशा देते. शाळेत सांगितलं जाणारं पाण्याच्या पाइपाचं चित्र इथे तोकडं पडतं. उंचावरच्या टाकीचा दाब म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट, नळीचा अरुंदपणा म्हणजे रोध, इथवर ते चित्र छान काम करतं. पण नळी फुटली तर पाणी सांडतं आणि वायर तुटली तर वीज सांडत नाही, थांबते. पुस्तकात हे चित्र सुरुवातीला वापरलं आहे आणि जिथे ते दगा देतं तिथे सांगून सोडून दिलं आहे.

हा सगळा इतिहास युरोपातला वाटेल, पण त्याचे धागे आपल्याकडेही आहेत. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला ‘दर्पण’कार म्हणून माहीत आहेत, ते गणिताचे अध्यापक होते आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं कामही त्यांनी काही काळ पाहिलं. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं, आणि वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. ट्रामचा करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. रुळांना रोध असतो, जमिनीलाही असतो. दोन वाटा मिळाल्या की करंट दोहोंत वाटला जातो, आणि त्यातला काही जमिनीखालून भटकत जातो. अशा भटक्या करंटाजवळची चुंबकसूची पृथ्वीचं चुंबकत्व काय सांगणार? म्हणून वेधशाळेचे प्रमुख डॉ. मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथे १९०४ मध्ये काम सुरू झालं, दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागच्या त्या नोंदी आजही चालू आहेत. रोधांच्या व्यस्त प्रमाणात करंट वाटला जातो, या वर्गातल्या नियमाने एक संस्था समुद्रापलीकडे नेली.

दुसरा धागा रेल्वेचा. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. लोकलची गर्दी वाढली तसा या व्होल्टेजचा गळा आवळला गेला. ३० लाख वॉट घेणारी गाडी १५०० व्होल्टवर २००० अँपिअर ओढते. २५,००० व्होल्टवर तीच गाडी साधारण १२० अँपिअरवर भागवते. करंट सोळा-सतरा पट कमी, म्हणून त्याच रोधाच्या तारेतली उष्णता पावणेतीनशे पट कमी. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर हा बदल टप्प्याटप्प्याने झाला आणि शेवटची डीसी लोकल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली. कोकण रेल्वेला हा फेरा पडला नाही. तिचं विद्युतीकरण सुरुवातीपासून २५,००० व्होल्टचंच, आणि २०२२ मध्ये पूर्ण मार्ग विजेवर आला. आमच्या नांदगाव रोड स्टेशनात उभं राहून वरची तार पाहिली तर ती इतक्या मोठ्या इंजिनाच्या मानाने बारीक वाटते. उत्तर या भागाकारात आहे.

हाच भागाकार राज्यभर चालतो. चंद्रपूरची वीज ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला येते ती सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या, उणे-अधिक ५०० किलोव्होल्टच्या एकदिश वाहिनीने. १५०० मेगावॉट पाठवायला तिला १५०० अँपिअर पुरतात. तीच वीज घरातल्या २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील, आणि त्यासाठी लागणारी तार कुणी पाहिलेली नाही. एडिसनने १८७९ मध्ये दिवा बनवताना मुद्दाम जास्त रोधाची फिलामेंट निवडली, त्यामागेही हाच हिशेब होता : दिव्याचा रोध जास्त तर करंट कमी, करंट कमी तर रस्त्याखालचं तांबं कमी.

उपकेंद्रातून निघालेली वीज गावात ११,००० व्होल्टने येते, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, तिचे फेज-न्यूट्रलमध्ये २३० होतात, आणि तिथून पुढे आमच्या भागाचा प्रश्न सुरू होतो. घाटावर घरं दाटीने असतात. कोकणात वाड्या विखुरलेल्या. डीपीपासून शेवटच्या घरापर्यंतची कमी दाबाची लाइन लांबच लांब जाते. लाइनच्या तारांना जनावरांची नावं आहेत : स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग, पँथर. जनावर लहान तितकी तार बारीक आणि रोध जास्त. लांब लाइनवर लहान जनावर असलं की संध्याकाळी सगळे दिवे आणि पंप एकदम लागल्यावर टोकाच्या घराला काय मिळणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्यात खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस. अल्युमिनियम आणि तांबं जिथे एकत्र पिळलेलं असतं तो जोड खारट ओलाव्यात आतून खाल्ला जातो. बाहेरून टेप शाबूत दिसतो, आत अर्ध्या ओहमचा रोध तयार झालेला असतो. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. गिझर लावला, १५ अँपिअर वाहू लागले, की त्या नखाएवढ्या जागेत ११२ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या कावियापेक्षा जास्त. बोर्ड काळा पडतो, प्लास्टिकचा वास येतो, आणि नाव होतं ‘शॉर्ट सर्किट’चं. शॉर्ट सर्किट झालंच नव्हतं. रोध फार कमी झाला नव्हता, चुकीच्या ठिकाणी थोडा वाढला होता.

न्यूट्रल तुटण्याचंही तसंच. वादळात न्यूट्रलचा जंप उडाला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं नकळत एकमेकांच्या मालिकेत जोडली जातात, आणि दोघांमध्ये मिळून ४०० व्होल्ट येतात. एका घरात १०० वॉटचे दिवे-टीव्ही, म्हणजे रोध ५२९ ओहम. दुसऱ्यात १००० वॉटची इस्त्री, म्हणजे ५३ ओहम. व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं : इस्त्रीच्या घराला जेमतेम ३६ व्होल्ट, टीव्हीच्या घराला ३६०. एका घरात ‘व्होल्टेज नाय’ आणि शेजारी ‘व्होल्टेज जास्त इला’ अशी ओरड एकाच वेळी होते, आणि कारण एकच, डीपीजवळची एक सुटलेली तार. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्यातले खांब आडवे केले, गावं अंधारात गेली. अशा वेळी लाइट आल्यावर पहिली काही मिनिटं महागडी उपकरणं बंद ठेवणं का शहाणपणाचं, ते या गुणोत्तरावरून कळतं.

या हिशेबाची सर्वांत गंभीर बाजू माणसाच्या अंगाची. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहममध्ये असतो. भिजलेल्या अंगाचा तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरात बसवायच्या आरसीसीबीची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते, यावरून धोक्याचा अंदाज यावा. केवळ अर्थिंग केलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या अर्थिंगचा रोध समजा ५० ओहम आहे. पंपाच्या सांगाड्यात फेज उतरला तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी हे ओळखणारसुद्धा नाही, आणि सांगाडा तसाच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र त्याच क्षणी पडतो, कारण तो गेलेल्या आणि परतलेल्या करंटाचा फरक पाहतो. हे दोन भागाकार समजून घेतले तरी हे पुस्तक विकत घेतल्याचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

ओहमचा नियम सगळीकडे चालत नाही, हेही पुस्तक लपवत नाही. ६० वॉटच्या जुन्या बल्बचा रोध पेटल्यावर ८८० ओहमच्या घरात असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी; म्हणूनच बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडतो. एलईडीमध्ये थोडंसं व्होल्टेज वाढलं तरी करंट उसळी मारतो. चालू पंपाचं तर उलटंच : व्होल्टेज कमी झालं की तो करंट वाढवतो, कारण त्याला पाणी तेवढंच उचलायचं असतं. मोबाइलचा चार्जर, संगणक, इन्व्हर्टर एसी हे सगळे याच स्वभावाचे. ‘व्होल्टेज कमी तर करंट कमी’ हे पाठ केलेला मुलगा इथे गोंधळतो. नियम खोटा नसतो. ती वस्तू साधा रोध नसते. नियम कुठे लागू होतो हे ओळखणं हा त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

हे सगळं आजच का? कारण घरातल्या विजेचं रूप झपाट्याने बदलतं आहे. मालवण-तारकर्लीकडे चार खोल्यांच्या घराचं होमस्टे झालं, खोलीखोलीत एसी लागले, वायरिंग मात्र दोन दिवे आणि एका पंख्याच्या काळातलं. चुलीजागी आलेली इंडक्शन शेगडी एकटीच ८-९ अँपिअर ओढते. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर पडवीतल्या सॉकेटला लागलेली असते. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेनंतर छपरांवर सौर पॅनेल येऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर एक नवा अनुभवही : दुपारी घरातलं व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. तक्रार पुन्हा कंपनीकडे. पण करंट आता घरातून लाइनकडे जात असतो, आणि ज्या लाइनीत पूर्वी काही व्होल्ट कमी होत, तिथेच आता घराच्या बाजूला काही व्होल्ट जास्त दिसतात. रोध तोच आहे. करंटाची दिशा उलटली.

या पुस्तकाचा वाचक माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट आहे. आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा विद्यार्थी, ज्याला सूत्र येतं पण ते पंपाशी जोडता येत नाही. बागायतदार, जो दर तिसऱ्या वर्षी मोटर रीवाइंड करतो. होमस्टे चालवणारी गृहिणी, जिला वायरमनने सांगितलेला खर्च खरा की फुगवलेला हे जोखायचं आहे. आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक, ज्यांना उदाहरणं गावातलीच हवी असतात. म्हणून पुस्तक सूत्रापासून सुरू न होता मोजमापापासून सुरू होतं, आणि सूत्र त्या आकड्यांतून वर येतं. एसीचं गणित पंपाला आणि कंडेन्सरला लागेल तेवढंच घेतलं आहे. पदार्थाच्या आतली गोष्ट उत्सुक वाचकासाठी वेगळी ठेवली आहे. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न फिरून येतो : इथला रोध कुणाच्या ताब्यात आहे?

एक इशारा द्यायलाच हवा. हे पुस्तक वाचून कुणी वायरमन होत नाही. खांबावरचं, डीपीवरचं आणि मीटरच्या अलीकडचं काम महावितरणचं. तिथे हात घालायचा नाही. घरातलं कामही परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं. पुस्तकाचा उपयोग त्या माणसाशी बरोबरीने बोलता यावं, इतकाच आणि एवढा मोठा आहे.

त्याची सुरुवात दोन आकड्यांनी करता येते. पुढच्या वेळी व्होल्टेज कमी वाटलं की वायरमनकडून पंप चालू असताना मीटरपाशी आणि विहिरीपाशी व्होल्टेज मोजून घ्या. कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांची वध-घट चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. मीटरवरच १९० असतील तर दोष लाइनचा; वेळ आणि आकडा लिहून लेखी तक्रार करा, तिला उत्तर देणं कार्यालयाला टाळता येणार नाही. मीटरवर २२४ आणि विहिरीवर १९४ असतील तर तक्रार करण्यात दिवस घालवू नका, जाड वायर आणा. पुढची पानं या दोन आकड्यांमधला फरक कसा वाचायचा ते सांगतात.

नांदगाव, सिंधुदुर्ग